घाटात कासव दिसायला नको असेल तर: ईव्ही आणि हायब्रिडचं कूलिंग कसं सांभाळायचं

मे महिन्यातला रविवार, दुपारचा दीड वाजला असेल, गाडीत आम्ही पाच जण, डिकीत नारळ आणि मानकुराद आंब्यांच्या दोन पेट्या, बेळगावला बहिणीकडे निघालेलो. म्हापशाला फास्ट चार्जिंग करून घेतलं, साखळीत चहा झाला, केरी सोडली, चोर्ल्याचा चढ लागला आणि दहाएक मिनिटांत डॅशबोर्डवर पिवळं कासव. ॲक्सिलरेटर दाबतोय तरी गाडी बैलगाडीसारखी, मागून बस हॉर्न मारतेय, बायको विचारते बंद पडली का, आणि मी तोंडाने काही नाही काही नाही म्हणत मनात नवीन बॅटरीचा खर्च मोजतोय.

बंद पडली नव्हती. आतलं कायतरी जास्त तापलं म्हणून गाडीने स्वतःच ताकद कमी केली होती. (कासव चार्ज अगदी संपत आल्यावरही येतं, पण तेव्हा माझ्याकडे सत्तर टक्के होतं.) रुंद जागा बघून झाडाखाली लावली, अर्धा तास थांबलो, मग हळूहळू वर गेलो. दुसऱ्या दिवशी भाच्याला गाडी दाखवली, तो म्हापशाला गॅरेजमध्ये आहे, त्याने पुढच्या ग्रिलमधून टॉर्च मारला आणि हसायला लागला. "मामा, गाडीला काय झालेलं नाही हो, तुम्ही तिचं नाक बंद केलंय." रेडिएटरच्या बारीक पात्यांमध्ये लाल माती घट्ट बसलेली. मी डिचोलीचा, खाणपट्ट्यातून रोजची ये-जा, पावसात चिखल उडतो तो आत जातो आणि उन्हात भाजून कौल होतो, मला कधी वाकून बघायचं सुचलंच नाही. ईव्हीला, म्हणजे विजेवरच्या गाडीला, रेडिएटर असतो हेच मुळात अर्ध्या लोकांना माहीत नाही, मीही त्यातलाच.

तर त्यानंतर वर्षभर भाच्याचं डोकं खाऊन जे शिकलो ते इथे लिहितोय. स्वतः काय बघायचं, काय करायचं आणि कुठे हात लावायचाच नाही, एवढंच.

गरम होतं तरी कोण

इंजिन नाही म्हणजे उष्णता नाही असं वाटतं, ते खरं नाही, कमी असते एवढंच. सगळ्यात महत्त्वाचा इन्व्हर्टर. बॅटरीतून येते डीसी (एकाच दिशेने वाहणारी वीज), मोटरला हवी एसी (दिशा बदलत राहणारी वीज, गारव्याचा एसी नव्हे), ते बदलायचं काम इन्व्हर्टरचं, आणि तो ते सेकंदाला हजारो वेळा स्विच चालू-बंद करून करतो. चांगला इन्व्हर्टर ९७ टक्क्यांच्या आसपास वीज पुढे देतो, उरलेल्या तीन टक्क्यांची उष्णता होते. तीन टक्के ऐकायला किरकोळ वाटतात पण घाटात मोटर ६० किलोवॅट ओढत असेल तर तीन टक्के म्हणजे १.८ किलोवॅट झाले, घरातला बाथरूमचा गिझर साधारण दोन किलोवॅटचा असतो, म्हणजे बॉनेटखाली एका डब्याएवढ्या जागेत एक गिझर चालूच आहे असं समजा. आणि ती उष्णता निघते कुठून तर नखाएवढ्या चिप्समधून. या चिप्सची आतली मर्यादा साधारण १५० ते १७५ अंश सेल्सिअस असते, त्याच्या वर गेली की खेळ खलास.

मग ऑनबोर्ड चार्जर, घरच्या एसी विजेची डीसी करून बॅटरीत भरणारा. ७.२ किलोवॅटवर चार्ज लावलं तर त्यातली चारपाचशे वॅट तरी उष्णता होते, म्हणून रात्री पोर्चमध्ये गाडी चार्जिंगला असताना मधेच पंप घूं करतो किंवा पंखा सुरू होतो. आमच्या शेजारच्या काकूंनी एकदा रात्री अकराला फोन केला, तुझी गाडी आपोआप चालू झाली बघ. झाली नव्हती, थंड होत होती. तिसरा डीसी-डीसी कन्व्हर्टर, जो मोठ्या बॅटरीतून १२ व्होल्ट काढून लाइट, हॉर्न, वायपर, म्युझिक चालवतो, थोडक्यात पूर्वीच्या अल्टरनेटरची नोकरी. आणि मोटर स्वतः, आणि बॅटरी.

बॅटरीचं गणित वेगळं. करंट दुप्पट झाला की उष्णता दुप्पट नाही, चौपट होते, शाळेतला आय-स्क्वेअर-आर आठवतोय का, तोच. म्हणून फास्ट चार्जिंग आणि लगेच घाट हा माझ्यासारखा शहाणपणा केला की बॅटरी आधीच तापलेली असते आणि वर परत तिच्याकडून भरपूर करंट मागितला जातो. चोर्ला समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास, माणसं-सामानासकट सतराशे किलोची गाडी एवढी वर चढवायला फक्त उंचीसाठीच साडेतीन युनिटांहून जास्त वीज लागते, रस्त्याचं घर्षण, एसी, हवा ते वेगळं. उतरताना तरी सुटका होईल म्हणाल तर तेही पूर्ण नाही, कारण रीजनने (वेग कमी करताना मोटर उलट वीज बनवते त्याने) वीज परत येते ती त्याच इन्व्हर्टरमधून येते, म्हणजे त्याला उतारावरही आराम नाही.

तापलं तर नेमकं काय बिघडतं

लोकांना वाटतं तापलं की धूर येतो. धूर ही फार पुढची पायरी, त्याच्या आधी गाडीची इलेक्ट्रॉनिक्स म्हातारी होते. सर्किट बोर्डवर इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात त्यांचा ठोकताळा असा की तापमान दहा अंशांनी वाढलं की आयुष्य अर्ध्यावर येतं. चिपला जोडणाऱ्या बारीक तारा आणि सोल्डर यांचं दुखणं आणखी वेगळं. सिलिकॉन, तांबं आणि ॲल्युमिनियम तापल्यावर सारख्या प्रमाणात फुगत नाहीत, प्रत्येक वेळी गरम-थंड झालं की जोड थोडा थोडा ओढला जातो, पत्र्याचा तुकडा वाकवून सरळ करून वाकवून सरळ करून शेवटी तुटतो तसं. म्हणून कूलिंगचं खरं काम नुसतं जास्त तापू न देणं एवढंच नाही, तापमान सारखं वरखाली उड्या मारणार नाही हेही बघणं आहे.

बॅटरीला तर आपल्यासारखंच हवामान आवडतं, साधारण २० ते ३५ अंश. गोव्यात मे महिन्यात सावलीतच ३३-३४ असतं आणि डांबर त्याहून कितीतरी गरम, म्हणजे आपली बॅटरी सकाळी घरातून निघतानाच मर्यादेच्या दारात उभी. निसान लीफ २०१० मध्ये आली तेव्हा तिच्या बॅटरीला पाण्याचं कूलिंग नव्हतं, नुसती आपोआप थंड होईल तेवढी, आणि २०१२ च्या सुमाराला अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटी उन्हातल्या मालकांच्या लक्षात आलं की बॅटरीची क्षमता भराभर उतरतेय, त्यावरून बराच गाजावाजा झाला. आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत नेक्सॉन ईव्ही आली ती लिक्विड कूल्ड बॅटरी घेऊनच. आता चारचाकीत ते बऱ्यापैकी सगळीकडे दिसतं, तरी नवीन गाडी बघायला गेलात तर सेल्समनला सनरूफच्या आधी हा प्रश्न विचारा, बॅटरी लिक्विडने थंड होते की हवेने.

उष्णता बाहेर जाते कशी

जत्रेला महाप्रसादाच्या पंगतीत भाताची पातेली हातोहात पुढे जातात ना, तसंच समजा. चिपमधून उष्णता खालच्या तांब्याच्या पट्टीला, तिथून थर्मल पेस्टमधून ॲल्युमिनियमच्या कोल्ड प्लेटला, प्लेटच्या आतून कूलंट (उष्णता वाहून नेणारं द्रव) वाहतं ते ती उचलतं, इलेक्ट्रिक पंप कूलंटला पुढे रेडिएटरकडे ढकलतो, आणि रेडिएटर ती हवेला देऊन टाकतो. रांगेतला एक माणूस जरी डुलकी काढायला लागला की मागे सगळी पातेली तुंबतात. माझ्या बाबतीत शेवटचा माणूस झोपला होता, रेडिएटर आणि हवा.

इन्व्हर्टरवाल्या सर्किटमधलं कूलंट ६०-६५ अंशांपर्यंत गेलं तरी त्याचं काही बिघडत नाही, पण तेच कूलंट बॅटरीला दिलं तर बॅटरी शिजेल. म्हणून बऱ्याच गाड्यांत बॅटरीचं सर्किट वेगळं असतं, आणि बाहेर चौतीस अंश असताना रेडिएटर बॅटरीला त्याच्या खाली आणू शकत नाही म्हणून मधे चिलर असतो. एका बाजूने गाडीच्या एसीचा गॅस, दुसऱ्या बाजूने बॅटरीचं कूलंट, गॅस कूलंटला गार करतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. काही गाड्या तर मधलं कूलंटच वगळतात, बीएमडब्ल्यू आय-थ्रीमध्ये एसीचा गॅसच थेट बॅटरीखाली फिरतो.

हायब्रिडमध्ये, म्हणजे इंजिन आणि मोटर दोन्ही असलेल्या गाडीत, इंजिनचं कूलंट ९० अंशांच्या आसपास फिरतं, ते इन्व्हर्टरला चालणार नाही, म्हणून इन्व्हर्टरला स्वतःची बाटली, स्वतःचा पंप. बॉनेट उघडलंत तर दोन बाटल्या दिसतील, एक इंजिनची आणि एक लहान, इन्व्हर्टरची. पेट्रोल पंपावरचा पोरगा पहिली बघून ओके सांगतो आणि दुसरीकडे ढुंकूनही बघत नाही.

आता करायचं काय

महिन्यातून एकदा, सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, सपाट जागेवर बॉनेट उघडा. सगळ्या कूलंट बाटल्या शोधा, किती आहेत ते मॅन्युअलमध्ये असतं. मिन आणि मॅक्सच्या मधे लेव्हल हवी. मी बाटलीवर आजच्या लेव्हलला चिकटपट्टीची बारीक रेघ लावून ठेवतो, पुढच्या महिन्यात खाली गेलेली दिसली की कळतं. बंद सर्किट आहे, ते प्यायला कोणी नाही, त्यामुळे दर महिन्याला थोडं थोडं कमी होतंय म्हणजे कुठेतरी गळतंय, नुसतं वरून भरत बसू नका. गरम असताना झाकण उघडायचं नाही हे सांगायची गरज नसावी पण सांगतो.

भरायचं काय हा खरा भांडणाचा विषय. कूलंटचा रंग बघून विकत घेणं बंद करा, गुलाबी-हिरवा-निळा याला काही एकच असा नियम नाही, प्रत्येक कंपनी आपल्याला वाटेल तो रंग घालते. मॅन्युअलमध्ये जे स्पेसिफिकेशन लिहिलंय तेच घ्या, आणि काही ईव्हींच्या बॅटरी सर्किटला लो-कंडक्टिव्हिटी कूलंट लागतं, म्हणजे ज्यातून वीज सहज वाहत नाही असं, कारण आत चुकून गळालंच तर शॉर्ट होऊ नये. दोन वेगळ्या प्रकारची कूलंटं मिसळली तर कधीकधी जेलीसारखा गाळ होतो आणि कोल्ड प्लेटमधल्या बारीक वाटा बंद. प्रीमिक्स मिळतं ते तसंच ओतायचं, त्यात पाणी घालायचं नाही.

आणि विहिरीचं पाणी तर नाहीच नाही. माझ्या सख्ख्या काकांनी हायब्रिडच्या छोट्या बाटलीत विहिरीचं पाणी घातलं, का तर आमच्या विहिरीचं पाणी गोड आहे. गोड असेल हो प्यायला! पण त्यात क्षार असतात, आपल्या जांभ्या दगडाच्या भागात लोह असतं, ते ॲल्युमिनियमला खातं आणि आत थर धरतं, वर पाण्यातून वीजही वाहते. भाच्याने सगळं काढून फ्लश करून दिलं, काका अजून म्हणतात काही फरक पडला नसता.

रेडिएटर धुणं. हे आपल्याकडे दोनदा तरी करायला हवं, पाऊस संपल्यावर एकदा आणि मार्च-एप्रिलमध्ये एकदा. गाडी पूर्ण बंद, थंड, चार्जिंगची वायर काढलेली. साध्या पाइपचं हलकं पाणी, जमलं तर आतल्या बाजूने बाहेर, म्हणजे माती ज्या वाटेने आली त्याच वाटेने परत जाईल, बाहेरून मारलं तर आणखी आत बसते. प्रेशर वॉशर त्या पात्यांवर जवळून मारू नका, पाती कागदासारखी असतात, एकदा आडवी झाली की हवा जायची वाटच गेली, आणि नारिंगी (हाय व्होल्टेजच्या) वायरी आणि कनेक्टर यांच्यावर तर अजिबात नको. पुढे एसीचा कंडेन्सर आणि मागे रेडिएटर असे दोन थर असतात, दोघांच्या मधे कचरा साठतो तो वरून दिसत नाही, माझा तिथेच होता, त्यासाठी गॅरेजमध्ये पुढचा बंपर उतरवावा लागला. वास्को-बोगदा बाजूला कोळशाची काळी भुकटी, किनाऱ्याजवळ कळंगुट-मोरजीला खारी हवा, तिथल्यांनी जरा जास्तच वेळा साधं पाणी मारावं, मीठ ॲल्युमिनियमच्या पात्यांना हळूहळू पोखरतं.

बंपरला पुढून शोभेच्या जाळ्या, मोठी नंबर प्लेट, जादा फॉग लाइट लावणाऱ्यांना एक विनंती, ती भोकं डिझायनरने उगीच ठेवलेली नाहीत. काही गाड्यांत पुढे उघडझाप करणाऱ्या पट्ट्या असतात, त्या चिखलाने अडकल्यात का तेही बघा. आणि फणस-काजूच्या झाडाखाली गाडी लावत असाल तर काचेखालच्या जाळीतला पाला काढत जा. उंदीर हा वेगळाच त्रास, पावसात उबेला बॉनेटखाली येतात आणि कूलंटचे रबरी पाइप कुरतडतात, खाली थेंब दिसला तर एसीचं पाणी आहे की कूलंट ते बोट लावून बघा, कूलंट जरा चिकट लागतं. चव मात्र घेऊ नका, ते विष आहे, कुत्र्या-मांजरांपासूनही लांब ठेवा, त्यांना त्याची गोडी लागते.

हायब्रिडवाल्यांनी आता कान इकडे करा. बऱ्याच हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरला कूलंट असतं पण बॅटरी केबिनच्या हवेने थंड होते, सीटच्या बाजूला किंवा खाली एक जाळी असते, आत छोटा पंखा. ती जाळी म्हणजे बॅटरीचं नाक. चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या दिवशी आमच्या एका मित्राने माटोळीचा, म्हणजे गणपतीच्या वर फळं-फुलं टांगतात त्याचा, सगळा बाजार मागच्या सीटवर रचला, नारळ, सुपारीचे घोस, केळीचे लोंगर, वर पोत्यात अजून काय काय, आणि घरी येईपर्यंत हायब्रिड सिस्टिमची वॉर्निंग. जाळी पूर्ण झाकलेली. सामान काढलं, थोड्या वेळाने वॉर्निंग गेली. कुत्रा गाडीतून फिरत असेल तर त्या जाळीमागचा फिल्टर केसांनी भरतो, दर सहा महिन्यांनी काढून झटका, कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये चित्रासकट असतं. आणि बॅटरी जी हवा घेते ती केबिनची, म्हणजे उन्हात तापलेल्या गाडीत बसल्याबसल्या आधी दोन मिनिटं काचा उघडा, मग एसी, तुमच्यासाठीही बरं आणि तिच्यासाठीही.

एसीचं मघाशी म्हणालो ते आता. चिलर एसीच्या गॅसवर चालतो, म्हणून ईव्हीत एसी नीट गार करत नसेल तर ती नुसती तुमच्या घामाची गोष्ट नाही, बॅटरीचं कूलिंगही अर्धवट होतंय. गॅस भरायला नाक्यावरच्या एसीवाल्याकडे मात्र नेऊ नका. ईव्हीचा आणि बऱ्याच हायब्रिडचा कंप्रेसर हाय व्होल्टेजवर चालतो आणि त्याची मोटर आत त्या तेलातच असते, त्यासाठी पीओई प्रकारचं, वीज न वाहू देणारं तेल लागतं. साध्या गाडीचं पॅग तेल थोडंसं जरी आत गेलं तरी इन्सुलेशन फॉल्ट (वीज नको तिथे झिरपण्याचा बिघाड) येऊ शकतो आणि मग कंप्रेसरसकट सगळं बदलायची पाळी. विचारा सरळ, तेल कुठलं वापरता, मशीन ईव्हीसाठी वेगळं आहे का. समोरचा अडखळला की गाडी वळवा.

पंप चालतोय की नाही ते कसं कळणार? शांत जागी गाडी रेडी मोडला (चालू, निघायला तयार) ठेवून बॉनेटजवळ कान द्या, बारीक घरघर येते, पण सगळ्या गाड्यांत पंप सतत चालत नाही, गरज असेल तेव्हाच चालतो, त्यामुळे आवाज आला नाही म्हणून घाबरू नका. काही हायब्रिडमध्ये इन्व्हर्टरच्या बाटलीत कूलंट हलताना दिसतं, ते हलत असेल तर पंप जिवंत. बोटं मात्र पंख्यापासून लांब, गाडी बंद दिसली तरी पंखा कधीही सुरू होतो. ज्यांच्याकडे ओबीडी डोंगल (गाडीला जोडून बिघाडाचे कोड वाचणारं छोटं यंत्र) आहे त्यांनी एक कोड लक्षात ठेवा, पी०ए९३ (P0A93), इन्व्हर्टरचं कूलिंग नीट होत नाही असा त्याचा अर्थ. हा आला तर पहिला संशय पंपावर, मग कमी कूलंटवर, मग आत अडकलेल्या हवेवर.

या हवेबद्दल दोन शब्द लिहितोच, कारण इथेच बाहेरचे मेकॅनिक चुकतात. कूलंट बदललं आणि आत हवेचा फुगा राहिला तर तो नेमका इन्व्हर्टरच्या प्लेटमध्ये जाऊन बसू शकतो, तिथे मग कूलंट पोचत नाही, बाटली भरलेली दिसते आणि चिप तापत असते. म्हणून व्हॅक्यूम लावून भरतात किंवा स्कॅनरने पंप चालू करून हवा काढतात. गॅरेजला विचारा की हवा कशी काढणार. झाकण उघडं ठेवून गाडी रेव्ह करतो असं कोणी म्हणालं तर समजून जा, रेव्ह करायला इंजिनच नाही.

कासव आलंच तर

गाडीशी भांडू नका, ॲक्सिलरेटर सोडा, सुरक्षित जागी बाजूला घ्या. लाल वॉर्निंग, कूलंट सांडलेलं, जळका वास यातलं काही असेल तर गाडी बंद, सगळे बाहेर, लांब उभे राहा आणि टोइंगला फोन. यातलं काही नसेल, नुसतं कासव असेल, तर पार्किंगला टाकून गाडी रेडीमध्येच चालू ठेवा म्हणजे पंप आणि पंखा चालत राहतील, पूर्ण बंद केली तर आतली उष्णता आतच बसते. केबिनचा एसी बंद करा, सगळा गारवा बॅटरीला मिळू दे, दहा-पंधरा मिनिटं आपण घाम पुसू. मग हळू निघा. अनमोड असो नाहीतर चोर्ला, भरल्या गाडीने चढायचं असेल तर मी आता फास्ट चार्जिंग घाटाच्या तोंडाशी करत नाही, आदल्या रात्री घरी हळू चार्ज करतो, आणि दुपारी एकच्या ऐवजी सकाळी सातला निघतो. त्यानंतर तीनदा गेलो, कासव दिसलं नाही.

पावसाचं

जूनमध्ये रस्त्यावर पाणी तुंबलं की प्रत्येक जण आयपी-६७ म्हणून छाती फुगवतो. आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास, तेही नव्या वस्तूवर, साध्या पाण्यात. भरतीचं खारं पाणी आणि सात वर्षं जुनं रबर सील असलं की ती चाचणी तुमच्या कामाची नाही. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत असेल तर जाऊच नका. गेलातच आणि पाणी वर आलं तर नंतर लगेच चार्जिंगला लावू नका, आधी सर्व्हिसवाल्यांकडून तपासून घ्या. बॅटरी पॅक बंदिस्त असला तरी हवेचा दाब सांभाळायला त्याला श्वास घ्यायची बारीक पडदी असते, तिच्यावर चिखल थापलेला राहू देऊ नका, पण काठीने टोकरूही नका, हलक्या पाण्याने धुवा.

नारिंगी वायर दिसली की हात मागे, हा नियम घरातल्या पोरांनाही सांगून ठेवा. इन्व्हर्टरचं झाकण उघडून पंख्याने हवा मारू म्हणणारे महाभाग मी बघितलेत, गाडी बंद केल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका चार्ज काही मिनिटं राहतो, ते काम ट्रेनिंग झालेल्याचंच.

स्कूटरवाल्यांसाठी फार काही नाही, तिथे बहुतेक पंप-कूलंट नसतं, कंट्रोलरच्या मागे ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणि येणारी हवा एवढंच. त्या पट्ट्यांत चिखल साठू देऊ नका, पायाशी सिलिंडर किंवा माशांची टोपली ठेवून हवेची वाट अडवू नका, आणि लांबून आल्याआल्या लगेच चार्जिंगला लावू नका, अर्धा तास थांबा. चार्जरलाही श्वास लागतो. आमच्या मावशीने पावसात भिजू नये म्हणून चार्जर जुन्या गोधडीत गुंडाळून ठेवला होता, हात लावला तर चहाच्या किटलीएवढा गरम. आता तो पडवीत कोरड्या लादीवर उघडा असतो, वर कौलांची पागोळी येणार नाही अशा कोपऱ्यात.